भास्कर, त्या ट्रेलरच्या वजनाबद्दल

भास्कर,

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझ्या कंपनीतल्या निवृत्त मंडळींनी शोकसभेच्या पत्रकासाठी मजकूर मागितला, तो मी त्याच आठवड्यात लिहून दिला. गाव, नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण, दीडशे शब्द. सुनंदावहिनींना वाचून दाखवला, तपशील तपासून घेतले. त्यात चूक नाही. त्यात ट्रेलरही नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

आपली ओळखच चुकीवरून झाली. मी तेव्हा पिंपरीच्या कार्यालयात कारखान्यांच्या बातम्या करत होतो. तुमच्या प्रेस शॉपमध्ये नवं मशीन आलं, त्याची बातमी मी दिली आणि लिहिलं, 'दोनशे टन वजनाचं अजस्र यंत्र'. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर तू एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कात्रण घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आलास.

"हे तुम्हीच लिहिलंत का?"

"हो."

"दोनशे टन हे वजन नाही राव, जोर आहे त्याचा. पत्र्यावर किती जोर देतंय ते. एवढं वजन असतं तर फरशी खचून आमची सगळी शिफ्ट पाताळात गेली असती."

मी चहा मागवला. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. तू ती कापून ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमध्ये मागच्या बाजूनं सरकवलीस आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच ठेवलीस. 'मी पेपरात आलोय' असं सांगायचास आणि कार्ड उलटं करून दाखवायचास. माझं नाव तू त्या दिवसानंतर कधी घेतलं नाहीस. मी 'पेपरवाल्या' झालो.

चाकणचा माळ तू मला दाखवलास. मी बातमीसाठी तिथे जायचो तो भूखंडांचे नकाशे बघायला. तू रविवारी सकाळी जायचास तो भंगारातून घेतलेली मोटारसायकल उड्या मारत चालवायला. दिवा, मडगार्ड, सायलेन्सरचं झाकण, जे जे काढता येईल ते तू काढून टाकलं होतंस. 'वजन कमी कर, बाकी सगळं आपोआप सुधारतं,' हे तुझं मत तेव्हापासूनचं. मी दगडावर बसून घड्याळ धरायचो. तू फेरी संपवून यायचास, हेल्मेट काढायचास, तोंडातली माती थुंकायचास आणि विचारायचास, 'किती?' मी सेकंदासकट सांगायचो. माझ्या आकड्यावर तू कधी शंका घेतली नाहीस. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे.

तो माळ गेला. तिथे आता गिअरचे भाग बनतात. मग आपण दोन टेकड्या पलीकडे गेलो, तिथेही कुंपण आलं. तिसरी जागा तळेगावच्या बाजूला सापडली तेव्हा तुझी लेक ऋतुजा बारा वर्षांची होती आणि तुझ्या पाठीने तुला सांगितलं होतं की आता पुरे. तू तिला लहान गाडीवर बसवलंस. पहिल्या दिवशी ती तीनदा पडली. चौथ्यांदा उठली तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालास, "घड्याळ आणलंयस का?"

आज ती तेवीस वर्षांची आहे. तळेगावच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात बसते आणि सुट्टीला शर्यतीला जाते. या गाड्यांना ना दिवा, ना नंबर. रस्त्यावर चालवता येत नाहीत, वाहून न्याव्या लागतात. इतकी वर्षं तू भाड्याचा टेम्पो करायचास. दोरखंडांनी बांधलेल्या दोन डर्ट बाइक, त्यांच्या मधे उभा राहिलेला तू, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ऋतुजा. नाशिकच्या रस्त्यावर एकदा दोर सैल झाला आणि एक गाडी तुझ्या गुडघ्यावर आली. त्यानंतर तू ठरवलंस की ट्रेलर घ्यायचा, स्वतःचा, तुझ्या जुन्या जीपला मागे लावता येईल असा.

ठरवायला एक दिवस लागला. निवडायला दोन वर्षंही पुरली नाहीत.

तुझी पद्धत मला माहीत होती. कारखान्यात कुठलाही नवा भाग सुरू करताना पहिला नग तपासून, त्यावर सही होऊन, मशीनजवळ टांगला जातो; तोवर दुसरा काढायचा नाही. फर्स्ट पीस. तू घरची पिठाची चक्कीसुद्धा तशीच घेतली होतीस. ट्रेलरच्या बाबतीत तू संत तुकाराम नगरातल्या तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूनं ट्रेलर काढलास, पूर्ण मापाचा. दोन्ही गाड्या आणून त्या चौकोनात उभ्या केल्या. हँडल हँडलाला लागलं. मग एक गाडी उलट तोंडानं लावलीस आणि रुंदी एका वितीनं कमी झाली. तू पुसून पुन्हा रेघ मारलीस. तळमजल्यावरच्या आजी कठड्यातून म्हणाल्या, "भास्करराव, रांगोळी सुरेख आलीय, पण रंग कधी भरणार?"

"आजी, आधी वजन ठरू दे," तू म्हणालास.

मग तू झाडू आणलास, चौकोनाच्या मधोमध उभा राहिलास आणि झाडूचा दांडा डोक्याच्या वर आडवा धरून म्हणालास, "छप्पर इथे."

"बाइकला एवढी उंची कशाला?"

"लागती."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना पुढचा प्रश्न विचारला, त्याच्याकडून हे घडलं.

तुला बंद ट्रेलर हवा होता, चारी बाजूंनी आणि वरून. मला वाटत होतं उघडा पुरे. यावर आपण दोन वर्षं भांडलो. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरनं दाखवलेला बंद ट्रेलर इतक्या जाड पत्र्याचा होता की तू त्यावर बोट वाजवून म्हणालास, "ही तिजोरी आहे. यात सोनं ठेवा, गाड्या कशाला?" चाकणला एक अॅल्युमिनियमचा मिळाला, हलका, पण त्याच्या तळाला नुसती प्लायची फळी आणि गाडी बांधायच्या कड्या त्या फळीतच ठोकलेल्या. तू कडी हातानं ओढलीस, फळी उचलली गेली, आणि तू मालकाला नमस्कार करून बाहेर आलास. परतीच्या वाटेवर तू मला शिकवलंस: कडी चौकटीला जोडलेली हवी, फळीला नाही. भार चाकांच्या थोडा पुढे हवा, मागे गेला की ट्रेलर शेपूट हलवतो. वर खिडकी हवी, पेट्रोलचा वास कोंडता कामा नये. आणि रिकाम्याचं वजन साडेतीनशे किलोंच्या आत हवं. "एकट्या माणसाला हलवता आला पाहिजे," तू म्हणालास. मला वाटलं तू स्वतःबद्दल बोलतोयस.

मी तुला एका पानाची टिपणी करून दिली होती. डावीकडे उघडा, उजवीकडे बंद. वजन, वारा, इंधन, देखभाल. उघड्याच्या बाजूनं सगळे मुद्दे लागले. तू चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचलीस.

"छान लिहिलंयस," तू म्हणालास.

"मग?"

"मग काय? बंदच घ्यायचा."

"कारण तरी सांग ना, भास्कर!"

"तू लिहायलास ते सगळं बरोबर आहे की. मी कुठं नाही म्हणायलोय?"

तुझं उदगीर तुझ्या बोलण्यात अशा वेळी हमखास यायचं. मी चिडलो होतो. माझा मुद्दा मान्य होत होता आणि मी हरत होतो.

आणि मग किसनरावांचा ट्रेलर सापडला. तळेगावच्या पलीकडे त्यांचं फुलांचं पॉलिहाउस होतं. गुलाबाचे खोके बाजाराला न्यायला त्यांनी छोटा बंद ट्रेलर करून घेतला होता. पॉलिहाउस बंद झालं, ट्रेलर गोठ्याशेजारी उभा राहिला. भिंती फोमच्या, दोन्हीकडून पातळ पत्रा. खाली लोखंडी चौकट, कड्या चौकटीलाच जोडलेल्या. आत गुलाबाचा वास असेल असं मला वाटलं होतं. ओल्या पुठ्ठ्याचा होता. तू आत जाऊन ताठ उभा राहिलास. डोकं छपराला लागलं नाही. दार आतून लावलंस, उघडलंस, पुन्हा लावलंस. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा मी माळावर बघायचो तसा होता.

"हलका हाय," किसनराव म्हणाले. "आमी नवरा-बायको ढकलत न्यायचो रस्त्यापत्तुर."

"कागद?"

"हायेत की. नंबर हाय, समदं हाय. पुढचं छोटं चाक तेवढं न्हाई, ते मोडलं."

"वजन करून बघू," तू म्हणालास.

"व्हय, घ्या की. म्या कुठं न्हाई म्हनतोय?"

किसनरावांच्या पिकअपनं ट्रेलर चाकण रस्त्यावरच्या वजनकाट्यावर आणला. ट्रक चढतात तो काटा. त्यांनी हुक सोडला, पिकअप पुढे नेली. पुढचं चाक नसल्यानं ट्रेलरचं नाक खाली टेकणार, म्हणून दांडा डावीकडून तू धरलास, उजवीकडून मी. आणि आपण भांडत होतो. मी म्हणत होतो की हीच चौकट ठेवून भिंती काढून टाक, उघडा होईल, आणखी हलका होईल. तू म्हणत होतास, "हातात बघ ना किती हलका लागतोय." केबिनमधून काटेवाला ओरडला, "ओ, हलू नका! आकडा नाचतोय!" आपण हललो नाही. वजन झालं. मी जाऊन पावती आणली आणि तुला वाचून दाखवली.

"चारशे सत्तर."

तू दोनदा विचारलंस. मी दोनदा सांगितलं.

"एवढा न्हाई हो भरत," किसनराव म्हणाले. "कायतरी चुकतंय."

"काटा काय तुमचा पाव्हणा आहे का, कमी दाखवायला?" तू म्हणालास. पण आवाजात जोर नव्हता. पावती घडी करून खिशात ठेवलीस. जीपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "आता तरी उघडा घे." पिंपरीच्या पुलाखाली आल्यावर तू म्हणालास, "बघू." आपल्यातला ट्रेलरविषयीचा तो शेवटचा शब्द. बारा दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला.

गेल्या शुक्रवारी ऋतुजा माझ्या घरी आली. दोन्ही गाड्यांना गिऱ्हाईक आलं होतं आणि तिनं रविवारी सांगते म्हटलं होतं. "अनोळखी टेम्पोवाल्याबरोबर मी एकटी किती वेळा जाणार, काका? बाबा होते तेव्हा ठीक होतं." तिनं तुझी डायरी आणली होती, कारण तिला वाटलं त्यात मला रस असेल. 'ट्रेलर, फर्स्ट पीस' असं पानाच्या वर. खाली तुझ्या सरळ अक्षरात यादी, आणि किसनरावांच्या ट्रेलरपुढे एकेक बरोबरची खूण. कड्या. खिडकी. रुंदी. उंची, आणि उंचीपुढे कंसात: 'ऋतूला उभं राहून कपडे बदलता यावेत. दाराला आतून कडी.' त्याखाली: 'ऋतूला एकटीला ढकलता आला पाहिजे.' सगळ्यात शेवटी: 'वजन नापास.'

मी तिच्याकडे बघितलं.

"मैदानावर मुलींना कुठे जागा असते, काका?" ती म्हणाली. "बाबा टेम्पोच्या मागे चादर धरून उभे राहायचे. तोंड पलीकडे करून. एकदा वाऱ्यानं चादर उडाली, त्यानंतर दोन्ही टोकांना क्लिपा लावायला लागले. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

नाही. माझ्या टिपणीत वजन, वारा, इंधन, देखभाल असे रकाने होते. चादरीचा नव्हता. तुला तो रकाना भरून सांगायचा नव्हता, आणि तू सांगितल्याशिवाय मला तो दिसला नाही. मी दगडावर घड्याळ धरून बसलेलो असायचो, टेम्पोपासून पन्नास पावलांवर.

पानाच्या कोपऱ्याला पावती टाचलेली होती. मी ती या वेळी सगळी वाचली. वेळ. वाहन. वजन ४७०. आणि खाली, छापील ओळीच्या शेजारी, काटेवाल्याच्या हातचं बॉलपेननं लिहिलेलं: 'माणसे २'.

मी तीस वर्षं नव्या वार्ताहरांना शिकवलं की कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मी आकडा वाचला आणि थांबलो. का थांबलो तेही मला माहीत आहे. तो आकडा माझ्या बाजूचा होता. तू कारखान्यात माल तपासणारा, क्वालिटीचा माणूस, पण तू पावती वाचली नाहीस, कारण मी वाचली होती. आणि मोजायच्या काट्यावर आपणच दोघं उभे होतो, एवढी साधी गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही. किसनराव एकटे म्हणत होते की काहीतरी चुकतंय.

मी ऋतुजाला सांगितलं. ती पावतीकडे बघून हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "बाबांनी तुम्हाला वर्षभर सोडलं नसतं," ती म्हणाली.

वर्षभर नाही, भास्कर. तू ही पावतीसुद्धा कार्डात घालून फिरला असतास.

शनिवारी किसनरावांनी ट्रेलर पुन्हा आणला. आपला तोच काटा, तोच काटेवाला. ट्रेलरच्या नाकाखाली ऋतुजानं गाडीचा लोखंडी स्टँड लावला आणि आम्ही सगळे खाली उतरलो. मी केबिनपाशी उभा होतो.

"मागच्या वेळी तुम्हीच होतात ना?" मी विचारलं.

"हो. दोघं जण दांडा धरून भांडत होता. मी लिहिलं होतं की पावतीवर, माणसं दोन. वाचलं नाही का?"

"नाही."

त्यानं यंत्राकडे बघितलं. "तीनशे तीस."

स्टँडचं वजनही त्यातच आहे. तुझ्या हद्दीच्या वीस किलो खाली. ऋतुजानं स्टँड काढला, दांडा दोन्ही हातांनी उचलला, आणि ट्रेलर काट्याच्या उतरणीवरून एकटीनं खाली आणून जीपच्या मागे वळवला. एकदा चाक मातीत अडलं. मी पुढे झालो तर ती म्हणाली, "थांबा काका, मला बघू दे." मी थांबलो. चाक निघालं. किसनराव म्हणाले, "बगा, म्हनलं नव्हतं?" आणि मी त्यांची माफी मागितली. त्यांना ती कशासाठी हे नीट कळलं नाही. म्हणाले, "त्यात काय येवढं! ते पावनं न्हाई आलं का?" ऋतुजानं त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

रविवारी तिनं गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. मागच्या दाराचा उतार तुझ्या जुन्या खात्यातले दोघे करून देणार आहेत. पार्किंगमधली तुझी खडूची रेघ अजून पुसट दिसते, त्यावरूनच माप घेतलं. पुढच्या महिन्यात शर्यत आहे. मी घड्याळ घेऊन जातो आहे.

एक गोष्ट राहिली. ट्रेलर काट्यावर असतानाच, स्टँड काढण्याआधी, मी काट्यावर चढून ट्रेलरच्या उजव्या बाजूला, त्या दिवशी उभा होतो तिथे, उभा राहिलो. काटेवाला लगेच ओरडला, "ओ काका, उतरा! माणूस आहे काट्यावर!" मी म्हटलं, "असू दे. असंच वजन करा आणि पावती द्या." त्यानं दिली. चारशे दहा. मग मी दोन्ही पावत्या शेजारी धरल्या. काटा दहा किलोंच्या टप्प्यानं मोजतो आणि त्या दिवशी स्टँड नव्हता, त्यामुळे हे काटेकोर नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

आता मी कुठल्याच पेपरात नाही, म्हणून इथेच छापतो.

दुरुस्ती: चाकण रस्त्यावरच्या काट्यावर मी तुला वाचून दाखवलेलं चारशे सत्तर किलो हे वजन ट्रेलरचं नव्हतं. त्यात तीनशे तीस किलो ट्रेलर होता, ऐंशी किलो मी होतो, आणि साठ किलो तू होतास. चूक वाचणाऱ्याची आहे.